आमची चित्रं मोजू नका, सुकू द्या! पेंटिंगचा अभ्यासक्रम आणि टाईमटेबल ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

सर आणि मॅडम, नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका कॉलेजला नाहीये हे आधीच सांगते, उगाच कोणी मनाला लावून घेऊ नका. पेंटिंगच्या डिग्रीचा अभ्यासक्रम जे लिहितात, एका सेमिस्टरला किती कामं हवीत तो आकडा जे ठरवतात, तासांचा तक्ता जे आखतात आणि शेवटी ज्युरीला, म्हणजे वर्षाच्या कामाच्या तपासणीला, येऊन मार्क देतात, त्या सगळ्यांना मिळून लिहितेय. मी पुण्यात बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी तक्रार एकच आहे पण ती चारही वर्षं सगळीकडे पसरलेली आहे. तुम्ही आमची चित्रं मोजता. इतकी स्टिल लाईफ, इतकी हेड स्टडी, इतके लँडस्केप, इतकी कॉम्पोझिशन, आणि आकडा भरला की सबमिशन झालं, एखादं राहिलं की फोन येतो, पण त्यातलं एखादं चित्र अर्धवट का वाटतंय हे विचारायला सहसा कोणाला वेळ नसतो. तुम्हालाही नसतो, कारण तुम्हालाही ती सगळी तपासायची असतात.

ऑइलपासून, म्हणजे तैलरंगापासून, सुरुवात करते कारण तिथे मतभेदाला जागाच नाही, ती सरळ केमिस्ट्री आहे. वॉटरकलर वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. ऑइल तसं वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होत जातं, त्याला त्याचा वेळ लागतोच. बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग एक-दोन दिवसात हाताला कोरडा लागतो कारण त्यात मँगनीज असतं, पण आयव्हरी ब्लॅक किंवा अलिझरीन क्रिमसन जाड लावला तर आठवडा काय, त्याहून जास्त दिवस चिकट राहतो. त्यात आपलं पुणं. जुलै-ऑगस्टमध्ये खिडकी उघडली तर पाऊस आत आणि बंद ठेवली तर टर्पेंटाइनच्या वासाने डोकं धरतं, आणि दमट हवेत रंग अजूनच रेंगाळतो. होस्टेलवरच्या मुली कॅनव्हासवर हेअर ड्रायर मारत बसतात, त्यांना कोणीतरी सांगा की बायांनो त्यात पाणी नाहीचे उडून जायला.

आता तुम्हीच आम्हाला शिकवलेला नियम, फॅट ओव्हर लीन. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरच्या थरात तेल जास्त, आणि खालचा नीट बसल्याशिवाय वरचा द्यायचा नाही, नाहीतर वरचा आधी आवळतो, खालचा नंतर हलतो आणि काही वर्षांनी चित्राला भेगा जातात. थिअरीच्या पेपरात हे लिहिलं की मार्क मिळतात. पण प्रॅक्टिकलला आठवड्याला एक पोर्ट्रेट द्यायचं म्हटल्यावर हा नियम पाळायचा कधी? सोमवारी अंडरपेंटिंग, मंगळवारी त्याच ओल्या रंगात दुसरा थर, बुधवारी हायलाईट आणि गुरुवारी सही. ते कच्च्या गिलाव्यावर रंग मारल्यासारखं होतं, दिसायला छान दिसतं आणि मग पोपडे धरतात. व्हार्निशचं तर सोडूनच द्या. ऑइलच्या चित्राला व्हार्निश साधारण सहा महिने ते वर्षभराने द्यायचं असतं, तोपर्यंत आमची चित्रं एकमेकांना चिकटून गोडाऊनमध्ये पडलेली असतात.

याचा परिणाम काय झालाय माहितीये का, वर्गातल्या बऱ्याच जणांनी ऑइल सोडून अ‍ॅक्रिलिक धरलंय. अ‍ॅक्रिलिकला माझा विरोध नाही, उत्तम माध्यम आहे. पण ते आवडलं म्हणून घेणं वेगळं आणि सबमिशनच्या तारखेला सुकतं म्हणून घेणं वेगळं. चार वर्षांच्या डिग्रीत एखाद्याला ऑइलचा एक थर पूर्ण सुकू देऊन त्यावर ग्लेझिंग, म्हणजे पातळ पारदर्शक थर, कसं होतं हे एकदाही करून बघता येत नसेल, तर मग अभ्यासक्रमात ऑइल लिहिताच कशाला.

ओलं चित्र कॉलेजला न्यायचं कसं हा तर वेगळाच विषय आहे. रिक्षावाले काका लांबूनच मान हलवतात, सीटला रंग लागेल म्हणून, आणि त्यांचंही बरोबर आहे. पीएमपीच्या बसमध्ये गर्दीच्या वेळी शक्यच नाही. मग दोन कॅनव्हास तोंडाला तोंड करून मध्ये बुचाचे तुकडे लावायचे, दोरीने आवळायचे आणि मैत्रिणीच्या अ‍ॅक्टिव्हावर मागे बसून ते धरायचं, म्हात्रे पुलावर वारा सुटला की गाडी एकीकडे आणि आम्ही एकीकडे. यावर आम्ही हसतो, रील पण बनवतो, पण जी वस्तू हलवायच्या लायकीची झालेली नाही ती आम्ही महिन्यातून कितीतरी वेळा हलवतो ते फक्त यादीतल्या तारखेसाठी.

पैशाचंही बोलते, कारण ते आमच्या घरचे बोलतात. कामांचा आकडा मोठा असला की प्रत्येक कामाला कॅनव्हास लागतो, फ्रेम लागते, रंग लागतात. मग अप्पा बळवंत चौकात सगळ्यात स्वस्त काय आहे ते विचारायचं, पातळ कापडाचा कॅनव्हास, स्टुडंट क्वालिटीच्या ट्यूब. त्यातल्या कोबाल्ट किंवा कॅडमियमच्या ट्यूबवर बारीक अक्षरात 'ह्यू' लिहिलेलं असतं, म्हणजे आत खरं कोबाल्ट नाही, त्याच्या जवळ जाणारा दुसरा कुठलातरी रंग आहे. त्याने काम चालतं, नाही असं नाही, पण मिक्सिंग केलं की तो वेगळाच वागतो आणि मग आम्हाला वाटतं आपल्यालाच रंग कळत नाही. सीनियर्सचे जुने सबमिशनचे कॅनव्हास विकत घेऊन त्यावर व्हाईट मारून पुन्हा वापरणं हे तर सगळीकडे चालतं, तुम्हाला माहितीये आणि आम्हाला माहितीये की तुम्हाला माहितीये. ते व्हाईट म्हणजे अ‍ॅक्रिलिकचं प्रायमर, ते ऑइलवर नीट धरत नाही, सुटून येतं. तरी करतो. पाच स्वस्त कॅनव्हासच्या पैशात एक नीट कॅनव्हास आणि दोन खऱ्या रंगाच्या ट्यूब आल्या असत्या, हा हिशोब आमच्यातले कॉमर्स सोडून आलेलेही करू शकतात.

लाईफचा तास, म्हणजे समोर मॉडेल ठेवून माणूस रंगवायचा तास. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

आमच्याकडे मॉडेल म्हणून एक मावशी येतात, नाव लिहीत नाही. कितीतरी बॅच त्यांच्यासमोर बसून शिकून गेल्या. पोझ वीस-पंचवीस मिनिटं, मग ब्रेक, मग परत तीच पोझ, त्यासाठी प्लॅटफॉर्मवर पावलांभोवती खडूने खुणा केलेल्या असतात, आणि मावशी त्या खुणांकडे न बघता बरोब्बर त्याच जागी उभ्या राहतात. ब्रेकमध्ये त्या सगळ्यांच्या ईझलमागून चक्कर मारतात. एकदा माझ्यामागे थांबून म्हणाल्या, पोरी माझा सगळा भार डाव्या पायावर आहे, तू दोन्ही पायांवर उभं केलंयस मला, म्हणून ती बाई दुखत नाहीये तुझ्या चित्रातली. वजन कुठे पडतं ते मी अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकातून लिहून काढलं होतं, आकृतीसकट. कळलं ते तेव्हा.

तर टाईमटेबलमध्ये या तासाचं काय होतं? तीन दिवसांची पोझ असते, त्यातला एक दिवस कसल्यातरी कार्यक्रमात जातो, एक दिवस मावशींना दुसरीकडे काम मिळालेलं असतं आणि ते त्यांनी घ्यायलाच पाहिजे कारण सिटिंगच्या पैशात घर चालत नाही, आणि उरलेल्या दिवशी दुपारनंतर उजेड फिरलेला असतो आणि कोणीतरी ट्यूबलाईट लावतं. मावशींच्या गालावरचा सकाळचा थंड उजेड आणि ट्यूबलाईटचा उजेड ही दोन वेगळी चित्रं आहेत, सर, ती एका कॅनव्हासवर मावत नाहीत. मग मुलं काय करतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि घरी जाऊन फोटोवरून पूर्ण करतात. फोटोत सावली काळी ठार येते, तिच्यातले रंग मरतात, ते आमच्या चित्रात जसेच्या तसे उतरतात आणि ज्युरीत तुम्ही म्हणता की सावल्या जड झाल्यात. हो, झाल्यात.

माझं म्हणणं इतकंच की आठवड्याला नवी पोझ नको. एक पोझ, रोज सकाळी, त्याच उजेडात, महिनाभर. आणि मावशींना त्या पूर्ण महिन्याचे पैसे आधीच ठरवून द्या, धड माणसासारखे. त्यातून एकच चित्र निघेल आणि तुमच्या यादीतल्या बाकीच्या चौकोनांत टिक होणार नाही, चालेल ना.

आता तुम्ही म्हणाल, काम भरपूर केल्याशिवाय हात बसत नाही, आम्ही आमच्या वेळी दिवसाला शंभर स्केच करायचो. बरोबर आहे. स्केचच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूला आहे, उलट आमची बॅच त्यात कमीच पडते असं माझं मत आहे. मंडईत सकाळी भाजीची आवक होताना, स्वारगेटला एसटीची वाट बघणारी माणसं, तुळशीबागेत घासाघीस करणाऱ्या बायकांचे हात, ओंकारेश्वराच्या पायऱ्या, जुन्या बाजारात रविवारी पसरलेली पितळी भांडी आणि गंजलेली कुलपं, हे सगळं वहीत शेकड्याने यायला पाहिजे आणि तिथे आकडा ठेवा, बिनधास्त ठेवा, कडक ठेवा. पण स्केच आणि पेंटिंग या दोन गोष्टींना एकाच पट्टीने मोजणं बंद करा एवढंच म्हणतेय. स्केचमध्ये बघण्याचा सराव होतो. पेंटिंगमध्ये केलेलं पुसायचं असतं, थांबायचं असतं, परत बघायचं असतं, आणि नेमकं हेच करायला टाईमटेबलमध्ये तास नाही.

थांबण्याला काही प्रतिष्ठाच उरलेली नाहीये. इटलीचा जुना चित्रकार तिशियन चित्र सुरू करायचा आणि भिंतीकडे तोंड करून महिनोन्महिने ठेवून द्यायचा, मग परत काढून शत्रूकडे बघावं तसं बघायचा, हे त्याच्या हाताखाली काम केलेल्या चित्रकाराने सांगून ठेवलंय. एवढं लांब जायला नको. आपले चित्रकार गायतोंडे, नागपूरला १९२४ साली जन्मलेले, १९४८ला मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेले, ते वर्षाकाठी मोजकीच पाच-सहा चित्रं करायचे असं त्यांच्याबद्दल सगळेच सांगतात. बाकीचा वेळ ते बसून विचार करायचे. गायतोंडे आज आमच्या वर्गात असते तर अटेंडन्स असूनही टर्मवर्क अपूर्ण म्हणून नोटीस बोर्डवर नाव लागलं असतं, पालकांना पण बोलावलं असतं बहुतेक.

आणि आकड्याच्या मागे धावताना कॉम्पोझिशनचं जे काय झालंय ते तुम्ही बघताच आहात. विषय मिळाला 'बाजार', की रात्री पिंटरेस्ट उघडायचं, तीन फोटो जोडायचे, आता तर एआयला सांगितलं की तोच जोडून देतो, सकाळी प्रोजेक्ट करून ड्रॉइंग उतरवायचं. मंडई कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण मंडईत जायचं, उभं राहायचं, भाजीवाल्या मावशींच्या शिव्या खायच्या, दोन स्केच फुकट घालवायची, परत जायचं, याला आठवडा जातो आणि आठवड्यात तर दोन कॉम्पोझिशन द्यायची असतात. पोरं आळशी आहेत असं म्हणणं सोपं आहे. काही आहेत पण, मी त्यांची वकिली करत नाही.

हिस्ट्री ऑफ आर्टबद्दल थोडक्यात. नोट्स, तारखा, टीपा लिहा, इजिप्त ते क्युबिझम. माझं त्याबद्दल एकच रडगाणं आहे की ज्या शहरात बसून शिकतोय त्या शहरातलं त्यात काहीच नाही. जेजे १८५७ची हे पाठ आहे सगळ्यांना. पण त्याच्या साठेक वर्षं आधी, सवाई माधवरावांच्या काळात, शनिवारवाड्यात चित्रकला शिकवायची शाळा निघाली होती, ब्रिटिश रेसिडेंट मॅलेटच्या खटपटीने, जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९२ला पुण्यात आला होता, सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र त्यानेच केलं, आणि त्याच्या बरोबरीने काम करणारा आपला पुण्याचा गंगाराम तांबट होता. गंगारामने वेरूळची लेणी मोजून-मापून काढली, आणि १७९० साली पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, समोर बसून. ती चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि मला ती कळली ती एका फोनच्या स्क्रीनवर, वर्गात नाही. तांबटाच्या घरातला माणूस गेंड्याच्या कातडीच्या घड्या कशा बघत असेल यावर एक तास बोललो असतो तर रेनेसाँच्या टीपा पण नीट कळल्या असत्या.

स्क्रीनवरून आठवलं, आम्ही खरी चित्रं बघतच नाही. पुण्यात बालगंधर्वला, घोले रोडला राजा रवि वर्मा कलादालनात, सुदर्शनला प्रदर्शनं लागतात, ती चुकवू नये आणि आपल्याच सीनियर्सचं काम तिथे बघणं चांगलंच असतं. पण नावाजलेल्या जुन्या चित्रकारांचं काम सलग बघायचं तर पहाटे उठून डेक्कन क्वीन धरायची, मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी आणि एनजीएमए हे आधुनिक कलेचं सरकारी संग्रहालय करून संध्याकाळी त्याच गाडीने परत, आणि तो दिवस अ‍ॅबसेंट. औंधला, म्हणजे साताऱ्याकडच्या औंधला, आपल्या पुण्यातल्या नाही, भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली टेकडीवर म्युझियम बांधलं, राजा स्वतः चित्रकार होता, तिथे राजा रवि वर्मांची मूळ चित्रं आहेत. सकाळी निघून रात्री परत येण्यासारखं अंतर. चार वर्षांत एक बस करता येऊ नये का? रवि वर्मांच्या प्रिंट आम्ही कॅलेंडरवर जन्मापासून बघतोय, पण त्यांनी साडीच्या काठावर रंग किती जाड ठेवलाय आणि चेहऱ्यावर किती पातळ केलाय हे कुठल्याच कॅलेंडरवर दिसत नाही, ते चित्राला कडेने, तिरक्या उजेडात बघावं लागतं.

ज्युरीचं सांगून संपवते. आमचं वर्षभराचं काम हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं, बाहेरून आलेले परीक्षक तासा-दोन तासात सगळा वर्ग बघतात, प्रत्येकापाशी काही मिनिटं. त्यांना दोष देत नाहीये, इतक्या भिंती बघायच्या म्हटल्यावर कोणीही तेच करेल. पण काही मिनिटांत दिसतं ते काय, तर फिनिशिंग, साईज आणि नग. एखाद्याने सहा महिने एकाच कॅनव्हासवर झगडून चित्र वाया घालवलं असेल पण त्यात खूप काही शिकला असेल, हे भिंतीवर दिसत नाही. ते त्याच्या वहीत दिसतं, मधल्या टप्प्यांच्या फोटोत दिसतं, आणि त्याला विचारलं तर त्याच्या बोलण्यात दिसतं. वह्या आम्ही टेबलावर ठेवतो. त्या उघडल्या जात नाहीत.

म्हणून शेवटच्या वर्षापुरतं तरी असं करून बघा. स्केचबुक भरपूर मागा, पेंटिंग मात्र सेमिस्टरला एक किंवा फार तर दोन, विषय आणि माध्यम आमचं. दर पंधरा दिवसांनी चित्र अर्धवट असतानाच वर्गासमोर ठेवायला लावा आणि तिथेच फाडा, चित्र नाही, आम्हाला. मार्कांचा मोठा भाग त्या मधल्या बघण्याला द्या. मुलं शेवटच्या आठवड्यात घाईने एक चित्र उरकतील ही तुमची भीती खरी आहे, पण पंधरवड्याला ओलं काम दाखवावं लागलं तर उरकणार कसं, तेल तर खोटं बोलत नाही, कुठला थर कधी दिला ते हाताला कळतं. काही जण तरीही फसवतील. आत्ताही फसवतातच की, फक्त एकाऐवजी बारा चित्रांनी फसवतात.

आणि तुमच्या बाजूने पण एक गोष्ट मला दिसते. तुमच्यातले कितीतरी सर-मॅडम स्वतः उत्तम चित्रकार आहात, आणि मार्कशीट, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली, अ‍ॅडमिशनच्या फेऱ्या यात तुमचं स्वतःचं पेंटिंग कधीचं बंद पडलंय. आमची कामं कमी झाली तर तुमचं तपासणं कमी होईल. एखादा ईझल वर्गाच्या कोपऱ्यात तुमचाही लावा, आमच्याबरोबर त्याच पोझवर काम करा. तुम्ही अडकलात की काय करता हे आम्हाला बघायचंय, डेमोमध्ये तुम्ही कधी अडकत नाही.

पुढच्या वर्षाचं टाईमटेबल उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरतं असं ऐकलंय. त्याच्या आधी या पत्रावर एकदा बसून बोललात तर बरं होईल, आम्हाला बोलवा, मावशींनाही बोलवा, त्यांना टाईमटेबलमधलं आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. नाही जमणार असं उत्तर असेल तरी चालेल, फक्त का जमणार नाही ते लिहून द्या, म्हणजे आमच्यानंतरची बॅच निदान तिथून पुढे भांडेल.

तुमचीच,
बीएफए पेंटिंग, शेवटचं वर्ष, पुणे

ता. क. गोडाऊनमधले मागच्या बॅचचे कॅनव्हास आठ दिवसात न्या नाहीतर टाकून देऊ अशी नोटीस लागलीय. टाकू नका प्लीज, आम्ही घेऊन जातो, फ्रेमा चांगल्या आहेत.